रान पड ठेवायचा खंड सरकार देतं: कॅन्ससची सीआरपी आणि आपल्याकडचं

मालदांडी
नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बसलोच. मी मूळचा मंगळवेढ्याचा, राहुरीला ॲग्री केलं, पुढं इकडं अमेरिकेत शिकायला आलो आणि आता अकरा वर्षं झाली नैऋत्य कॅन्ससमधल्या एका काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखं समजा) क्रॉप कन्सल्टंट म्हणून काम करतोय. म्हणजे लोकांची रानं हिंडायची, मातीचे नमुने काढायचे, काय पेरा काय फवारा ते सांगायचं. इथंही ज्वारीच बरं का. मायलो म्हणतात तिला, कमरेएवढी ठेंगणी, कडब्याला उपयोग नाही, दाणा जनावरांना नाहीतर इथेनॉलला. अख्ख्या अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी या राज्यात होते. पाऊस साडेचारशे मिमीच्या आसपास, वारा बारा महिने. पहिल्यांदा आलो तेव्हा वाटलं आपण घर सोडून कुठं गेलोच नाही.

विषय असा की माझ्या शेजारी एक आजी आहेत, नव्वदी ओलांडलेल्या, एकट्या राहतात. त्यांचं १६० एकर रान (इथं त्याला क्वार्टर म्हणतात, चौरस मैलाचा चौथा हिस्सा) गेली पस्तीसेक वर्षं सीआरपीत आहे. सीआरपी म्हणजे काॅन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम, म्हणजे सरकार शेतकऱ्याला सांगतं की हे रान नांगरू नको, यात गवत लाव, दहा ते पंधरा वर्षांचा करार कर, आम्ही दरवर्षी एकरी खंड देतो. आपल्याकडं खंडानं जमीन घेणारा पेरतो, इथं खंड देणारं सरकार काहीच पेरत नाही. ऑक्टोबर उजाडला की पैसे बँकेत. आजींना एकरी ४० डॉलरच्या आसपास बसतात, म्हणजे वर्षाला ६,४०० डॉलर, आपले साडेपाच लाखांच्या घरात.

आता पुढच्या ३० सप्टेंबरला करार संपतोय आणि एक तरुण पोरगा, तीन वर्षं झाली त्याला स्वतःचं शेत सुरू करून, तो म्हणतोय मला द्या, मी एकरी ४५ देतो, गवत मोडून मायलो करतो. आजींनी मला विचारलं तू काय म्हणतोस. मी मातीचा माणूस, मला उत्तर पटकन यायला पाहिजे होतं, आलं नाही. दोन्ही बाजू पटतायत. तुमच्यात शेती करणारे आहेत, इकडं राहणारे आहेत, योजनांचा अनुभव असलेले आहेत, म्हणून इथं मांडतोय.

---

कोरडवाहू_जालना
दादा, मला आधी कळू द्या, रान पडीक ठेवलं म्हणून पैसे? आम्ही इथं कपाशी, तूर करतो, कष्ट करून उत्पन्न निघत नाही आणि तिकडं काही न करता साडेपाच लाख. राग नका मानू, पण हे ऐकून पोटात कालवलं.

---

मालदांडी
राग कसला भाऊ, मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही तसंच झालं होतं. वडिलांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "रान पड पाडायचं पैसे? मग आमचं सत्तर एकर माळ घ्या म्हणावं."

पण "काही न करता" हे तितकंसं खरं नाही, ते सांगतो. पहिली गोष्ट, रान पडीक सोडायचं नसतं, गवत उभं करावं लागतं, आणि कोरड्या वाऱ्याच्या मुलखात ते सोपं काम नाही. आमच्या भागात आधी ज्वारी पेरतात, दाण्यासाठी नाही तर नुसत्या सडासाठी. हिवाळ्यात ज्वारीचा सड रानात उभा राहतो, वारा अडवतो, आणि मग त्या सडात देशी गवताचं बी टोचतात. लिटल ब्लूस्टेम, साइडओट्स ग्रामा, ब्लू ग्रामा, स्विचग्रास असं मिश्रण असतं. बी इतकं हलकं आणि कुसळाचं की साध्या पेरणीयंत्रातून पडतच नाही, गोळा होऊन अडकतं, त्यासाठी डब्यात सतत ढवळणारं वेगळं यंत्र लागतं. खर्चाच्या निम्म्यापर्यंत सरकार देतं. पहिल्या वर्षी तर बघितलं की वाटतं सगळं बी मेलं, नुसतं तण. दुसऱ्या तिसऱ्या वर्षी कुठं गवत दिसायला लागतं.

दुसरी गोष्ट, करारात मनाला येईल तेव्हा कापायचं नाही, चारायचं नाही, जे काही करायचं ते ठरलेल्या वेळीच आणि ठरलेल्या पद्धतीनंच. पक्षी अंड्यावर बसायचे महिने तर गवत कापायचंच नाही. मधेच करार मोडला तर आत्तापर्यंत घेतलेला सगळा खंड परत, वर व्याज, वर एका वर्षाच्या खंडाच्या २५ टक्के दंड. त्यामुळं सही करताना लोक दहादा विचार करतात.

आणि सगळ्यांना मिळतंही नाही. जनरल साइनअप, म्हणजे सगळ्यांसाठी अर्जाची फेरी, असते तेव्हा अर्ज टाकायचा, त्याला गुण लागतात: माती किती धुपते, पाण्याला काय फायदा, पक्ष्या-प्राण्यांना काय फायदा, वाऱ्यानं धूळ किती उडते, शिवाय तुम्ही खंड किती कमी मागताय. कमी मागितला तर गुण जास्त. एका काउंटीतल्या पिकाखालच्या जमिनीच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायची नाही अशी मर्यादा आहे, आणि एका माणसाला वर्षाला ५०,००० डॉलरच्या वर खंड नाही, हा आकडा १९८५ पासून तोच.

---

पुणेकर_भूगोल
धागाकर्त्यांनी मुळाचं लिहिलं नाही म्हणून भर घालते, मी भूगोल शिकवते. हे सगळं सुरू झालं धुळीतून. १९१० च्या दशकात पहिल्या महायुद्धामुळे गव्हाला भाव आला आणि या सपाट मैदानांचं गवत ट्रॅक्टरनं उलथंपालथं केलं गेलं. १९३० नंतर भाव पडले, पाऊस गेला, आणि उघड्या मातीला धरून ठेवायला मुळंच उरली नव्हती. १४ एप्रिल १९३५ चा तो काळा रविवार, धुळीच्या वादळानं भर दुपारी अंधार. ह्यू हॅमंड बेनेट नावाचे मृदा-शास्त्रज्ञ त्या वसंतात वॉशिंग्टनमध्ये संसदेला माती वाचवायचा कायदा करा म्हणून पटवत होते, आणि मैदानांवरची धूळ थेट राजधानीपर्यंत पोचली. २७ एप्रिल १९३५ ला कायदा झाला, त्यातून सॉइल काॅन्झर्व्हेशन सर्व्हिस आली, तीच आताची एनआरसीएस, शेती खात्यातली माती-पाणी जपणारी शाखा. रान विश्रांतीला ठेवायचे पैसे हा प्रकार आधी १९५६ च्या सॉइल बँक नावाच्या योजनेत होता, आणि आताची सीआरपी डिसेंबर १९८५ च्या कायद्यातली, रेगन यांच्या काळातली. तेव्हा धान्य बेसुमार झालं होतं आणि भाव पडले होते, म्हणजे माती वाचवणं आणि पीक कमी करणं असे दोन हेतू एकत्र आले.

---

मालदांडी
ताई, धन्यवाद, अगदी बरोबर. आणि हे पुस्तकातलं राहत नाही इथं. आमच्या बाजूलाच मॉर्टन काउंटी आहे, त्या वादळांत सगळ्यात जास्त होरपळलेल्यांतली एक. तिथली उजाड झालेली शेतं सरकारनं तीसच्या दशकात विकत घेतली, गवत लावलं, आज ते सिमरॉन नॅशनल ग्रासलँड आहे, एक लाख एकरांच्या वर.

आजी तेव्हा चार-पाच वर्षांच्या. सांगतात, आई खिडक्यांना ओल्या चादरी लावायची, जेवताना ताटं पालथी ठेवायची, वाढलं की सुलटी करायची आणि लगेच खायचं. सकाळी उशीवर डोक्याची जागा तेवढी पांढरी, बाकी सगळी मातकट. हे सांगताना त्या हात उशीवर ठेवल्यासारखा करतात. म्हणून मी त्यांना सरळ "एकरी पाच डॉलर जास्त मिळतायत" असं सांगू शकत नाही.

---

देमॉइनकर
मी आयोवात, आयटीत आहे, शेतीतलं मला फार कळत नाही पण पाण्याचं कळतं कारण ते नळाला येतं. इथं वरच्या भागातल्या मक्याच्या शेतांतून नायट्रेट नदीत येतं, पिण्याच्या पाण्याला मर्यादा लिटरमागे १० मिलिग्रॅमची. आमच्या देमॉइन शहराच्या पाणीपुरवठ्यानं २०१५ मध्ये वरच्या तीन काउंट्यांतल्या, शेतातलं पाणी नदीत सोडणाऱ्या ड्रेनेज मंडळांवर केस केली होती, २०१७ मध्ये ती फेटाळली गेली. आणि २०२५ च्या जूनमध्ये नायट्रेट इतकं वाढलं की आम्हाला लॉनला पाणी घालायला बंदी आली. माझी लेक तेव्हा सात महिन्यांची होती, दूध करताना कुठलं पाणी घ्यायचं हाच विचार रोज. त्यामुळे नदीकाठच्या शेतकऱ्याला दोन एकर गवताचे पैसे माझ्या टॅक्समधून गेले तर मला अजिबात वाईट वाटत नाही, उलट कमी जातायत असं वाटतं.

इकडे सीआरपीचे खंड कॅन्ससपेक्षा खूप जास्त, एकरी २०० डॉलरच्या वर, कारण जमीनच तशी. पण पूर्ण रान कोणी घालत नाही, काठाचे पट्टे घालतात. आयोवा स्टेट विद्यापीठानं केलेला प्रयोग वाचण्यासारखा आहे: शेताच्या फक्त १० टक्के भागात देशी गवताचे आडवे पट्टे घातले तर वाहून जाणारी माती ९५ टक्क्यांनी कमी होते. दहा टक्क्यांत! आता हे पट्टेही सीआरपीत बसतात.

---

कोरडवाहू_जालना
आडवे पट्टे म्हणजे आमच्याकडं आधी ताली आणि बांधावर गवत असायचं तेच की. आजोबांच्या वेळी बांध दोन हात रुंद होता, त्यावर पवन्या, मारवेल, बैलांचा चारा तिथूनच. वाटण्या झाल्या आणि प्रत्येकानं एकेक तास बांध कोरला, आता बांध म्हणजे रेघ आहे. गेल्या पावसाळ्यात एकाच रात्रीत वरच्या वावरातली माती माझ्या तुरीवर आली, सऱ्या भरून गेल्या.

---

सांगोल्याची_लेक
दादा मंगळवेढा म्हणजे आमच्या शेजारीच तुम्ही. आपल्याकडच्या अनुदानाचं सांगते. बाबांनी ठिबकला महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर, अर्ज केला. लॉटरीत नाव आलं, पूर्वसंमती आली, मग आधी स्वतःच्या पैशानं सगळं बसवायचं, बिल अपलोड करायचं, मग मोका तपासणी, मग पैसे. कागदावर लहान शेतकऱ्याला ८० टक्के. पण बाबांनी उसनवारीवर बसवलं आणि पैसे यायला चौदा महिने लागले, तेवढ्यात व्याजच किती गेलं. ऑफिसात गेलं की साहेब फिरतीवर, आधार लिंक नाही, सातबारावर नावात फरक, असं दर वेळी नवीन. वाईट कुणाला म्हणत नाही, तिथं एका माणसाकडं किती गावं आहेत तेही बघितलंय मी.

आणि दुसरं, मागेल त्याला शेततळं, २०१६ ला सुरू झालेलं, तेव्हा ५०,००० पर्यंत अनुदान होतं. हेतू काय तर पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायचं. आमच्याकडं डाळिंबासाठी लोकांनी खाली प्लास्टिक अंथरलं आणि बोअरचं पाणी उपसून त्यात साठवलं. उन्हात त्यातलं किती उडून जातं, आणि भूजल खाली. बाग जगली हे खरं, आमचीही त्यानंच जगली, पण संवर्धनाच्या नावानं आलेला पैसा पाणी उपसायला गेला. म्हणून मला तुमच्या तिकडची एक गोष्ट आवडली, पैसे वस्तूला नाहीत, जमिनीवर काय दिसतंय त्याला आहेत, आणि दरवर्षी आहेत.

---

मालदांडी
ताई, शेवटचं वाक्य मी लिहून ठेवलं. खरंच तोच फरक आहे. आपल्याकडं पाइप, टाकी, पत्रा, प्लास्टिक याला अनुदान, एकदाच. पुढं ते रान कसं आहे हे बघायला कोणी येत नाही. फुंडकर फळबाग योजनेत तेवढं आहे, तीन वर्षांत ५०, ३०, २० टक्के असे हप्ते आणि झाडं जगली असतील तरच पुढचा हप्ता. ती पद्धत चांगली.

---

तणमोर
मला यात एक दुखरी गोष्ट सांगायची आहे. सोलापूर-नगर भागात माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं, साडेआठ हजार चौ. किमीच्या जवळ, त्यात गावंच्या गावं, खाजगी शेतं, सगळं आलं. लोकांना जमीन विकताना अडचण, बांधकामाला अडचण, आणि त्या बदल्यात शेतकऱ्याच्या हातात एक रुपया नाही. शेवटी २०१२ च्या सुमाराला क्षेत्र १,२०० चौ. किमीच्या आसपास आणावं लागलं. तोपर्यंत लोकांच्या मनात त्या पक्ष्याबद्दल कडवटपणा बसला होता. आणि पक्षी? मी सोलापूरजवळ नान्नजला पंधरा वर्षांपूर्वी पहाटे गेलो होतो, लपणात बसून दोन तास, एक नर दिसला, लांबवर, मान ताठ करून गवतातून चालत होता. नंतर कितीदा गेलो, काळवीट दिसले, लांडगा दिसला, माळढोक नाही.

तुमच्या कॅन्ससमध्ये लेसर प्रेअरी चिकन नावाचा माळावरचाच पक्षी आहे, नर तसाच नाचतो, आणि सीआरपीच्या गवतामुळं तो आर्कान्सा नदीच्या उत्तरेला, जिथून गेलेला होता, तिथं परत पसरला असं अभ्यासक सांगतात. तिथल्या शेतकऱ्याला खंड मिळाला, आमच्या शेतकऱ्याला नोटीस मिळाली. माळाला तर आपल्या रेकॉर्डला "पडीक" म्हणतात, तिथूनच गाडी चुकते. ज्यावर पवन्या, कुसळी, डोंगरी गवत आहे, मेंढपाळाचं पोट आहे, ते पडीक कसं?

कृपया आजींचं गवत मोडू देऊ नका.

---

नेब्रास्का_वहिनी
तणमोर, तुमचं मन कळतं. पण मी एका छोट्या गावात पंधरा वर्षं फार्मसी चालवते, दुसरी बाजू मी रोज बघते. १९८६-८७ च्या सुरुवातीच्या साइनअपमध्ये लोकांनी अख्खी शेतं घातली आणि गाव सोडून गेले. शेत पेरलं तर बी लागतं, खत लागतं, डिझेल लागतं, ट्रॅक्टर बिघडतो, धान्य एलिव्हेटरला (गावच्या धान्यकोठाराला) येतं, त्यावर गावातली दहा माणसं जगतात. गवताला यातलं काही लागत नाही. आमच्या गावचं खताचं दुकान गेलं, मग शाळेत मुलं कमी झाली म्हणून शेजारच्या गावात विलीन झाली. सगळा दोष सीआरपीचा नाही, शेतं मोठी होत गेली, यंत्रं मोठी होत गेली, तेही आहेच.

आणि खंड जातो कुठं बघा. एका संस्थेच्या साइटवर काउंटीनुसार कुणाला किती सरकारी पैसे मिळाले ते सगळ्यांना दिसतं. आमच्या काउंटीतली यादी उघडली तर कितीतरी पत्ते डेन्व्हरचे, ओमाहाचे. वारस आहेत, जमीन बघायलाही येत नाहीत. आणि तरुण पोरांना खंडानं जमीन मिळत नाही कारण सरकारशी बोली लावावी लागते. तो पोरगा ४५ देतोय म्हणजे त्यानं सगळा हिशेब करून, पोटाला चिमटा काढून आकडा आणला असेल. त्याचाही विचार करा.

---

मालदांडी
वहिनी, म्हणूनच मला झोप लागत नाही. पोरगा खरंच कष्टाळू आहे. बायको शाळेत शिकवते, त्याच पगारावर घर चालतं, हा रात्री दहापर्यंत ट्रॅक्टरवर.

बोलीचं म्हणाल तर २०१८ च्या कायद्यानं थोडा बदल केला, जनरल साइनअपला काउंटीच्या सरासरी खंडाच्या ८५ टक्केच सरकार देतं, सरकारनं तरुणांशी स्पर्धा करू नये म्हणूनच. पण त्यामुळं चांगली जमीन बाहेर आणि हलकी आत असं होतं, जे माझ्या मते बरोबरच आहे. शिवाय कुळाला हुसकून रान सीआरपीत घालता येत नाही असाही नियम आहे. आणि इथल्या काउंटी ऑफिसवर शेतकऱ्यांनीच निवडून दिलेली कमिटी असते, तीन ते अकरा जणांची, हे मला फार मोलाचं वाटतं, निदान समोर बसलेल्याला रान म्हणजे काय ते माहीत असतं.

पण भावावर सगळं हलतं हेही बघितलंय लोकांनी. २००७ ला सीआरपीत ३ कोटी ६८ लाख एकर होते. मग मक्याला, गव्हाला भाव आला, करार संपले तसं लोकांनी गवत नांगरलं, सरकारनंही २०१४ ला मर्यादा २ कोटी ४० लाखांवर आणली. वीस वर्षं खंड देऊन उभं केलेलं गवत दोन दिवसांत डिस्कखाली गेलं. हा पैसा खंडाचा असतो, खंड थांबला की संपलं, माती परत उघडी.

---

कोरडवाहू_जालना
हिशेब करून बघितला मी. आपल्या राज्यात खातेदाराकडं सरासरी १.३४ हेक्टर, म्हणजे साडेतीन एकरही नाही. त्यात रान पड ठेवा म्हणणं शक्यच नाही, पोरं काय खातील. पण ते आयोवावाल्या दादांनी सांगितलेलं दहा टक्के धरलं तर माझ्या वाट्याला तेरा गुंठे येतात. तेरा गुंठ्यांत उताराला आडवं गवत ठेवलं आणि त्याचे सरकारनं पिकाएवढे पैसे दिले तर मी उद्या ठेवतो. चारा आपला, माती आपली. अट एकच, पैसे वेळेवर.

---

सांगोल्याची_लेक
सरकारला खंड द्यायची सवय नाही असं नाही बरं. सौर कृषी वाहिनीत जमीन भाड्यानं घेतात, हेक्टरी सव्वा लाख वर्षाला, दरवर्षी ३ टक्के वाढ. पॅनलला देता येतं तर गवताला का नाही? आमच्या सबस्टेशनजवळच्या माळावर अशी जमीन गेलीय, मालक खूश आहे पण तिथं आधी मेंढरं बसायची, त्या मेंढपाळाचा विचार कुठंच नाही.

---

देमॉइनकर
मालदांडी, एक विचारतो. करार संपल्यावर गवत ठेवून त्यावर गुरं चारता येत नाहीत का? मोडायचं किंवा तसंच ठेवायचं असे दोनच मार्ग आहेत का?

---

मालदांडी
येतात की, पण अडचण कुंपणाची आणि पाण्याची. ही शेतं गव्हाची होती, त्यांना कधी तार नव्हती. क्वार्टरला चारी बाजूंनी तार म्हणजे दोन मैल, आणि गुरांना पाणी म्हणजे बोअर, टाकी, पाइपलाइन. खर्च पोरगा एकटा पेलू शकत नाही आणि आजी या वयात घालणार नाहीत. दुष्काळात सरकार आणीबाणीचा चारा कापायला परवानगी देतं, तेव्हा गाठी बांधून नेतात, ते वेगळं.

---

नेब्रास्का_वहिनी
थांबा थांबा. तुम्ही काउंटी ऑफिसात टिपचं विचारलं का? ट्रान्झिशन इन्सेंटिव्ह प्रोग्रॅम, सीआरपीचाच भाग. करार संपताना मालकानं ते रान नात्यात नसलेल्या नवीन शेतकऱ्याला विकलं किंवा निदान पाच वर्षांच्या खंडानं दिलं, आणि त्यानं ते नीट चराईला किंवा माती जपून शेतीला वापरलं, तर मालकाला आणखी दोन वर्षांपर्यंत सीआरपीचा खंड मिळतो. नवीन म्हणजे दहा वर्षांच्या आतला. तुमचा पोरगा तीन वर्षांचा आहे. आणि तार, पाण्यासाठी एनआरसीएसची इक्विप नावाची खर्चात वाटा उचलणारी योजना आहे, त्यात नवीन शेतकऱ्याला जास्त टक्के आणि आगाऊही काही पैसे मिळतात. आमच्या गिऱ्हाइकांपैकी एका जोडप्यानं असंच केलंय, आता तिथं चाळीस गायी आहेत आणि गवत शाबूत आहे. अर्ज करार संपायच्या आत लागतो, उशीर करू नका.

---

मालदांडी
वहिनी, टिप मला माहीत होती पण ती नुसती फॉर्ममधली ओळ म्हणून. चराईला जोडून डोक्यात आलीच नव्हती. मी सोमवारी दोघांना घेऊन ऑफिसला जातो.

---

मालदांडी (तीन आठवड्यांनी)
काय झालं ते सांगतो, बऱ्याच जणांनी मेसेजमधून विचारलं.

ऑफिसला गेलो. तिथल्या बाईंनी नकाशा काढला, मातीचे प्रकार रंगात. आजींच्या क्वार्टरचा नैऋत्य कोपरा, साधारण ५५ एकर, नुसती वाळू, टेकाड. उरलेलं गाळवट, बरं. पोरगा नकाशा बघत बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला वाळूचा भाग मी नांगरणार नव्हतोच, पण बाकीच्यात मायलो नाही केली तर हप्ता कसा भरू. हप्ता ट्रॅक्टरचा. यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं.

मग आम्ही तिघं रानात गेलो. आजी गाडीतच बसल्या, काच खाली करून. मी फावडं घेतलं. कडेला शेजाऱ्याचा गव्हाचा पडता आहे, तिथं खणलं, वरची चार बोटं भुसभुशीत कोरडी, खाली नांगराचा कडक थर, फावडं टणकन वाजलं. कुंपण नाहीच मधे, वीस पावलं चालून गवतात खणलं. फावडं मुठीपर्यंत आत. ढेकूळ काढलं तर काळसर, मुळांनी विणलेलं, हातात दाबलं तर ओल लागली, आणि त्या महिन्यात पाऊस पाच मिमी झालेला. पोरानं ते ढेकूळ घेतलं आणि गाडीपाशी जाऊन आजींच्या हातात दिलं. त्यांनी वास घेतला.

ठरलंय ते असं. सगळं क्वार्टर पोराला सात वर्षांच्या खंडानं, चराईसाठी, टिपचा अर्ज टाकलाय, ती दोन वर्षं सरकारी खंड आजींना येईल म्हणून त्याच्याकडून त्या दोन वर्षांत आजी एकरी १५ च घेणार. हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, आम्ही कुणी सुचवलं नव्हतं. तारेचा आणि पाण्याचा इक्विपचा अर्ज वेगळा गेलाय, तो मंजूर झाला तर सगळ्या रानात चराईच. नाही झाला तर गाळवट भागातले साठ एकर तो सडातच, न नांगरता, ज्वारी टोचून करणार, आणि वाळूचे ५५ काही झालं तरी गवतातच राहणार, तसं खंडाच्या कागदात लिहून घेतलंय.

---

तणमोर
साठ एकर गेले तर वाईट वाटेल. पण ५५ लिहून घेतले हे फार मोठं काम केलंत. वसंतात पहाटे जाऊन बघा, टेकाडावर नर नाचायला येतात का. आले तर फोटो नका काढू जवळ जाऊन, नुसतं कळवा.

---

कोरडवाहू_जालना
मी या हंगामात वरच्या बांधाला पवन्याचं ठोंब लावतोय, तेरा नाही पण चार गुंठ्यात. पैशाची वाट न बघता. ठोंब आमच्याकडं मिळत नाहीयेत, सांगोल्याच्या ताई, तुमच्या माळावर असतील तर एक पोतं एसटीनं पाठवता येईल का?

---

सांगोल्याची_लेक
पाठवते भाऊ. पहिला पाऊस पडून गेला की, आत्ता काढले तर वाळून जातील. व्यनितून पत्ता कळवा.